जि.प. प्रशालेत मुलीला आठवीला घालावं का? तिथं लेकरं असलेल्यांनी खरं काय ते सांगा

गावाकडची_आई

नमस्कार सगळ्यांना. आम्ही हिंगोली जिल्ह्यातले, गाव तालुक्यापासून सात किलोमीटरवर. मुलगी यंदा सातवी पास झाली, गावात जि.प.ची शाळा सातवीपर्यंतच आहे त्यामुळं आता आठवीला बाहेर घालावंच लागतंय. तालुक्याला जि.प. प्रशाला आहे, पाचवी ते दहावी, जुनी दगडी इमारत, आमच्या सासऱ्यांची दहावी तिथंच झालेली. दुसरीकडं इंग्लिश मिडीयम आहे, त्यांची व्हॅन दारात येते पण फी आणि व्हॅन मिळून आमच्या हळदीच्या पैशातला मोठा वाटा तिकडंच जाईल, आणि धाकटा अजून चौथीत आहे त्याचंही पुढं बघायचंय.

घरात रोज हाच विषय चाललाय. जाऊबाईंची दोन्ही लेकरं इंग्लिश मिडीयमला, त्या म्हणतात झेडपीत घालून पोरीचं वाटोळं करू नका. आमचे हे म्हणतात शिकणारं लेकरू कुठंही शिकतं. मला दोन्ही पटत नाही, कारण शिकणारं लेकरूसुद्धा वर्गात शिकवायला माणूस असला तरच शिकतं ना. मुलगी गणितात चांगली आहे, इंग्रजी वाचते पण बोलायला घाबरते.

माझे प्रश्न साधे आहेत. गणित-विज्ञानाला सर आहेत का, सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून) आहे का, मुलींच्या बाथरूमला पाणी असतं का, आणि संध्याकाळी पोरगी घरी किती वाजता येईल. ज्यांची लेकरं खरंच तिथं आहेत किंवा होती त्यांनीच सांगा, ऐकीव माहिती घरात भरपूर ऐकून झालीय.

जुना_विद्यार्थी_पुणे

ताई मी त्याच प्रशालेचा, २०१६ ला दहावी झालो, नंतर डिप्लोमा आणि आता पुण्यात चाकणला कंपनीत आहे. माझ्या वेळचं सांगतो, आत्ताचं तिथल्या मुलांना विचारा.

आम्हाला विज्ञानाला जे सर होते त्यांनी आल्या आल्या पहिलं काम काय केलं तर प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. ते कपाट आम्ही पाचवीपासून कुलपातच बघत आलो होतो. एकदा भिंगाचा धडा होता तर सरांनी वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या, एकच उघडी ठेवली आणि प्रत्येकाच्या हातात बहिर्गोल भिंग आणि पांढरा कागद दिला. मैदानातलं लिंबाचं झाड कागदावर उलटं पाडायचं आणि पट्टीनं अंतर मोजायचं. ज्या पोराला वहीत नाभीय अंतर लिहिता येत नव्हतं त्यानं स्वतः मोजून सांगितलं. डिप्लोमाला गेल्यावर माझ्यासोबतची शहरातली पोरं, काही तर मोठ्या फीच्या शाळेतली, त्यांनी भिंग हातात धरलेलं नव्हतं, प्रयोगवही मात्र सगळ्यांची पूर्ण होती.

इंग्रजीचं खरं सांगायचं तर पहिलं वर्ष जड गेलं. मी सेमीला होतो म्हणून गणित-विज्ञानाचे शब्द ओळखीचे होते, पण सगळं लेक्चर इंग्रजीत ऐकायची सवय नव्हती. दिवाळीपर्यंत जमायला लागलं. जे पूर्ण मराठी माध्यमातून आले होते त्यांना जास्त वेळ लागला, एकदोघांनी तर सोडून दिलं. म्हणून प्रशालेत घालणार असाल तर सेमीच्याच तुकडीत घाला, यात तडजोड करू नका.

दोन_लेकरांचा_बाप

मी पोराला तिथून काढलं आणि का काढलं ते सांगतो, शाळेवर राग नाही पण जे झालं ते झालं. आमची प्रशाला तुमच्या तालुक्यातली नाही, शेजारच्या तालुक्यातली आहे, परिस्थिती सगळीकडं सारखीच.

पोरगा आठवीत असताना गणिताच्या सरांची बदली झाली, जागा रिकामी. जून गेला जुलै गेला, मुख्याध्यापक म्हणायचे वर कळवलंय. मग कधी मराठीचे सर गणिताच्या तासाला बसायचे, कधी शेजारच्या वर्गातली पोरं आणून एकत्र बसवायची, सत्तर-ऐंशी पोरं एका खोलीत. दिवाळीनंतर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, एक मॅडम आल्या, शिकवायच्या चांगल्या, पण त्यांचं मानधन महिनोन्‌महिने थकलं तर त्या तरी किती दिवस येणार. आणि जे सर कायमचे आहेत त्यातले कोण बीएलओ म्हणून मतदारयादीचं काम करायलेत, कोण ट्रेनिंगला, कोण ऑनलाइन माहिती भरायलेत. नववीत गेला तेव्हा पोराला बैजिक राशींचे अवयव पाडता येत नव्हते. त्याला आठवीत पास केलं पण आठवीचं गणित त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

इंग्लिश मिडीयमला घातलं. आता तिकडची गोष्ट पण सांगतो म्हणजे कुणी म्हणायला नको की एकच बाजू सांगितली. तिथं प्रत्येक तासाला माणूस असतो हे खरं. पण शिक्षक दर जूनला नवे, कारण पगार कमी. संध्याकाळी क्लास लावावाच लागला, तो खर्च वेगळा. पोरगा इंग्रजीत उत्तरं पाठ करतो, मराठीत अर्थ विचारला तर गप्प बसतो. तरीपण रिकाम्या वर्गापेक्षा बरं म्हणून ठेवलाय. ताई तुम्ही जायच्या आधी एकच गोष्ट पक्की करा, गणिताची जागा भरलेली आहे का रिकामी. बाकी सगळं नंतर.

दहावी_ब

काकू मी आत्ता त्याच शाळेत दहावीला आहे सेमीला. शाळा कशी आहे तर माझ्या मते चांगली आहे पण सगळी चांगली नाही.

गणिताला मागच्या वर्षी पवित्र पोर्टलमधून म्हणजे शासनाच्या शिक्षक भरतीतून नवीन सर आलेत ते खूप छान शिकवतात, आधी फळ्यावर स्वतः चुकीचं गणित सोडवतात आणि आम्हाला म्हणतात चूक शोधा, पहिल्यांदा कुणीच बोलत नव्हतं आता सगळे ओरडतात. विज्ञानाला मॅडम आहेत. इंग्रजीला जे सर आहेत ते धडा वाचून मराठीत अर्थ सांगतात आणि प्रश्नोत्तरं लिहून देतात, बोलायला शिकवत नाहीत, म्हणून तुमची मुलगी बोलायला घाबरते तर इथं आपोआप भीती जाणार नाही हे सांगते. आम्ही मुली मिळून दुपारच्या सुट्टीत थोडं थोडं बोलतो, आधी हसायचे सगळे आता नाही हसत.

बाथरूमचं खरं सांगू का, मुलींना वेगळं आहे, दारं पण नवीन बसवलीत, पण टाकीवरची मोटर सारखी बंद पडते आणि मग पाणी नसतं, मग आम्ही हापशावरून बादली नेतो. पाळी असली की बऱ्याच मुली शाळेलाच येत नाहीत. हे मी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं कारण शाळेत विचारतात तेव्हा सर लोक समोर असतात.

आणि बस. मानव विकास योजनेची मुलींसाठीची निळी बस आहे, आम्हाला पासला पैसे लागत नाहीत, पण संध्याकाळची बस शाळा सुटायच्या आधी येते कारण तिला पुढं दोन गावं घ्यायची असतात. त्यामुळं गावाकडच्या मुलींचा शेवटचा तास बुडतो. आमच्या टाइमटेबलला शेवटचा तास आठवड्यातून तीन दिवस विज्ञानाचा आहे. मी तालुक्यातच राहते म्हणून मला मिळतो, माझ्या मैत्रिणी माझी वही नेतात. बस नाही पकडली तर मग साध्या एसटीनं सहा-साडेसहा वाजतात घरी जायला, हिवाळ्यात अंधार पडतो.

बाकी खो-खोची टीम चांगली आहे, मैदान मोठं आहे, लायब्ररीत पुस्तकं आहेत पण घरी देत नाहीत.

गावाकडची_आई

बाळा तू एवढं मोकळं लिहिलंस, खूप बरं वाटलं. बसचं मला माहीतच नव्हतं, गावातल्या कुणी सांगितलं पण नाही. आणि बाथरूमचं वाचून काळजी वाटली, माझी मुलगी यंदाच वयात आलीय. कुणी शिक्षक असतील इथं तर सांगा ना, या गोष्टी सुधारतात का तशाच राहतात?

खडू_फळा

मी जि.प.चा माध्यमिक शिक्षक, दुसऱ्या जिल्ह्यात. थोडं लांबलचक लिहितोय, पण हे पालकांपर्यंत पोचत नाही म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे निकालाच्या बोर्डाला भुलू नका, ना आमच्या ना त्यांच्या. शाळेच्या गेटवर ९८ टक्के, १०० टक्के लिहिलेलं असतं. राज्याचाच दहावीचा निकाल २०२५ ला ९४.१० टक्के होता, मग ९५ टक्क्याचं कौतुक काय. २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले २० मार्क काढून घेतले तेव्हा राज्याचा निकाल ७७.१० वर आला, पुढच्या वर्षी मार्क परत दिले तर ९५.३० झाला. पोरं एका वर्षात हुशार झाली नव्हती. बघायचंच असेल तर गणिताच्या लेखी पेपरात किती पोरांना ८० पैकी ५० च्या वर आहेत ते विचारा, मुख्याध्यापकांकडं ते असतं.

दुसरं, रिकाम्या जागेचं. वरच्या भावांनी लिहिलं ते शंभर टक्के खरं आहे, आणि ते शाळेच्या हातात नसतं. आमच्या जागा संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करतात त्यात, ठरतात, ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यातही आधार व्हॅलिड असलेलीच मुलं मोजतात. पट घसरला की पद जातं, पद गेलं की एका विषयाचा माणूस जातो, माणूस गेला की पालक आणखी पोरं काढतात. मी माझ्या शाळेत हे डोळ्यांनी बघितलंय, वीस वर्षांपूर्वी तीन तुकड्या होत्या आता एक आहे. पालकांना दोष नाही देत, त्यांच्या लेकराचं वर्ष परत येत नाही. पण इमारत आहे, मैदान आहे, सगळ्या परीक्षा देऊन पात्र झालेले शिक्षक आहेत आणि वर्ग रिकामे होतायत याचं वाईट वाटतं. फेब्रुवारीत हळद काढायला सुरुवात झाली की आहेत ती पोरं पण आठ-आठ दिवस गायब असतात, तिकडं पण पालकांनी लक्ष द्यायला पाहिजे.

तिसरं, आणि ताई तुमच्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. मुलगी गणितात चांगली आहे म्हणता, तर एनएमएमएस ही केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतच असते, साधारण डिसेंबरमध्ये. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० थेट मुलीच्या खात्यात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, सातवीला ५५ टक्के लागतात, एससी-एसटीला ५०. आता मुद्दा असा की ही फक्त सरकारी, जि.प.-नगरपालिका आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना आहे. विनाअनुदानित इंग्लिश मिडीयमला घातलं की ती या परीक्षेला बसूच शकत नाही. हे प्रवेश घेताना तिकडं कुणी सांगत नाही. मराठा-कुणबी असाल आणि पास होऊन मेरिटमध्ये नाही आली तरी सारथी संस्थेची वर्षाला ९,६०० ची शिष्यवृत्ती आहे. पेपर दोन असतात, बुद्धिमत्तेचा ९० आणि विषयांचा ९०, बुद्धिमत्तेचा सराव जूनपासून केला तर गणित येणाऱ्या पोरीला अवघड नाही. शाळेत जाल तेव्हा हे विचारा की मागच्या वर्षी इथून किती मुलं बसली आणि किती लागली. ज्या शाळेत एखादा शिक्षक सकाळी तासभर आधी येऊन याची तयारी घेतो ती शाळा जिवंत आहे असं खुशाल समजा.

दोन_लेकरांचा_बाप

एनएमएमएसचं मला पण माहीत नव्हतं सर. पण तुम्ही म्हणता पट टिकवा, मग गणिताचा माणूस नसताना पोराला तिथंच ठेवून मी पट टिकवायचा का? ते माझं काम आहे का शासनाचं?

खडू_फळा

शासनाचं. यात वाद नाही. तुमच्या जागी मी असतो तर मी पण काढलं असतं. मी ताईंना एवढंच म्हणतोय की त्यांच्या प्रशालेत आत्ता गणिताला माणूस आलाय असं ती मुलगी सांगतेय, मग तुमच्या शाळेचा निर्णय त्यांच्या शाळेला लावू नये.

समितीतली_मावशी

मी इथल्याच शाळा व्यवस्थापन समितीत आहे, माझी दोन्ही लेकरं याच प्रशालेत, मोठी नववीत आणि लहाना सहावीत. दहावीतल्या पोरीनं मोटरचं लिहिलं ते वाचून मला बोलावंच लागलं.

मोटर तीनदा दुरुस्त केली, प्रत्येक वेळी पालकांनी वर्गणी काढली. आता नगरपंचायतीच्या नळाची लाईन थेट टाकीला जोडा म्हणून अर्ज दिलाय. अर्ज पडून आहे कारण पाठपुराव्याला आम्ही दोघीच जातो. कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत, कागदावर आहेत, मिटिंगला येतात चार जण. बाया म्हणतात रानात काम आहे, मान्य आहे, मला पण रान आहे. पण एकदा आम्ही सात-आठ जणी मिळून गेलो होतो ना बाथरूमच्या दारासाठी, तर पंधरा दिवसांत दारं बसली, त्याआधी दोन वर्षं नुसतं बघू बघू चाललं होतं.

बसचं पण तसंच आहे. आगार व्यवस्थापकाला शाळेचं पत्र आणि गावागावच्या पालकांच्या सह्या एकत्र गेल्या तर टाइम बदलतो. शेजारच्या गावच्या लोकांनी सकाळच्या फेरीचा बदलून घेतलाय. तुमच्या गावातल्या किती मुली येतात ते सांगा ताई, मी पत्राचा नमुना देते, सह्या तुम्ही घ्या.

शिस्तीचं कुणी विचारलं नाही पण सांगते, मैदानाला मागच्या बाजूनं कंपाऊंड पडलेलं आहे आणि तिथून बाहेरची पोरं यायची, आता एक शिपाई दुपारी तिथं बसतो. मोठ्या मुलींच्या आईनं हे माहीत असू द्यावं.

आणि शाळेचा खर्च म्हणाल तर आठवीपर्यंत पुस्तकं आणि दुपारचं जेवण शाळेतून, मुलींना बारावीपर्यंत फी नाही. नववीपासून पुस्तकं आपली आपण. खिचडी रोज चांगलीच असते असं नाही, पण भाजी-डाळ नसली तर आम्ही विचारतो.

गावाकडची_आई

सगळ्यांचं वाचून काल मुलीला घेऊन स्वतः शाळेत जाऊन आले. कुणाला आधी सांगितलं नव्हतं, सरळ गेलो. बाहेरच्या झाडाखाली दोन बाया दाखल्यासाठी थांबलेल्या होत्या, मुख्याध्यापकांनी आम्हाला आत बसवलं आणि विचारलं ते सगळं सांगितलं, लपवलं नाही. गणित आणि विज्ञानाला माणूस आहे, हिंदीची जागा रिकामी आहे, चित्रकलेला कुणीच नाही. आठवी सेमीच्या तुकडीत ४१ मुलं आहेत, त्यातल्या मुली निम्म्याहून जास्त. एनएमएमएसला मागच्या वर्षी नऊ बसली, तीन लागली. कोण शिकवतं विचारलं तर ते गणिताचेच सर सकाळी घेतात.

मी बाथरूम पण बघून आले. पाणी होतं, पण टाकीचं झाकण नव्हतं आणि आतून कडी एकाच दाराला नीट लागते. गणिताचे सर मुलीशी पाच मिनिटं बोलले, मार्क विचारले नाहीत, शेताची लांबी-रुंदी सांगून गुंठे काढायला लावले. ती माझ्याकडं न बघता त्यांच्याशीच बोलत होती.

इंग्लिश मिडीयमला पण जाऊन आले म्हणजे मनात राहायला नको. वर्ग स्वच्छ, पंखे, कॅमेरे, रिसेप्शनला मुलगी. गणिताला कोण आहेत विचारलं तर म्हणाले जूनमध्ये नवीन स्टाफ जॉईन होईल. एनएमएमएसचं विचारलं तर त्या मॅडमला ते काय असतं तेच माहीत नव्हतं.

आम्ही प्रशालेत सेमीला नाव घालायचं ठरवलंय. जाऊबाई बोलतायत, बोलू द्या. इंग्रजी बोलायचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही, क्लास गावात नाही. मावशी, आमच्या गावातून आठवी ते दहावीच्या अकरा मुली आहेत, पत्राचा नमुना पाठवा, सह्या मी घेते. शेवटचा तास विज्ञानाचा असेल तर तो बुडवून चालणार नाही.

दहावी_ब

काकू तिला सांगा दुपारी आमच्यात बसायला, आम्ही लिंबाखाली बसतो. आठवीच्या अजून दोघी येतात.

खडू_फळा

ताई एक काम आत्ताच करा. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का बघा, वडिलांच्या नावासकट. जुळत नसेल तर जूनच्या गर्दीआधी आधार सेंटरला जाऊन दुरुस्त करून घ्या. संचमान्यतेत मोजायला ते लागतं, एनएमएमएसचा फॉर्म भरताना लागतं आणि पैसे खात्यावर यायला पण तेच लागतं. मुलीच्या नावानं बँकेत खातं नसेल तर ते पण उघडा, आधार लिंक करून. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायला वेळ लागतो, अर्ज मे महिन्यातच देऊन ठेवा. फॉर्म शाळेच्या लॉगिनमधून भरतात, तुम्ही फक्त अधूनमधून विचारत राहा भरला का म्हणून.

समितीतली_मावशी

नमुना मेसेजमध्ये टाकलाय. वर आगार व्यवस्थापकाचं नाव रिकामं ठेवलंय, ते मी चौकशी करून भरते. शनिवारी सकाळी शाळेत या सह्या घेऊन, टाकीच्या झाकणाचं पण त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी देऊ, आणि येताना गावातली आणखी एखादी आई सोबत आणा.